दहा वेलांचा एक दुधी

शकूमावशींना चिनी येतं असं मला मराठी मंडळाच्या संक्रांतीला कुणीतरी सांगितलं, आणि मी शहाणी, पुढच्याच शनिवारी ऑफिसातल्या वेईला घेऊन त्यांच्या दारात हजर झाले. म्हटलं, ॲरिझोनातल्या चँडलरसारख्या गावात एका मराठी म्हातारीला चिनी बोलायला कोण मिळणार? तेवढंच पुण्य. वेईने दारातच किंचित वाकून अगदी अदबीने काहीतरी विचारलं. मावशींनी हसून मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय म्हणतोय गं हा?"

मावशींना चिनी फक्त वाचता येत होतं. तेही आजचं नाही, दोन हजार वर्षांपूर्वीचं. वेईने 'कशा आहात' एवढंच विचारलं होतं, तेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं. मग पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणून त्यांनी आपलं जाडजूड पुस्तक त्याच्यापुढे उघडलं, तर त्याची वेगळीच पंचाईत. त्याला अक्षरं ओळखू येत होती, पण वाक्य काही लागेना. आपल्याला कुणी एकदम ताम्रपट वाचायला दिला तर आपलं होईल, तसं त्याचं झालं. शेवटी मावशींनीच त्याला सातारी वळणाच्या इंग्रजीत समजावून सांगितलं की, बाबा रे, इथे गव्हाचं बियाणं कसं ठेवावं ते लिहिलंय. टपोरी कणसं निवडायची, कडक उन्हात वाळवायची आणि साठवताना त्यात दवण्याच्या जातीचा वाळका पाला घालायचा. "आमच्याकडे कडुलिंबाचा घालतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी काय घालतात?" वेईच्या घरी गहू सुपरमार्केटातून पिठाच्या रूपात येत होता. तो बिचारा चहा पिऊन उठला.

परत जाताना गाडीत तो म्हणाला, "या बाई माझ्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांशी बोलू शकतात. फक्त माझ्याशी बोलू शकत नाहीत."

हे दोन हजार तीन सालचं. आम्ही तेव्हा नुकतंच त्या गल्लीत घर घेतलं होतं. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस इंजिनियर, नवरा सतत प्रवासात, आणि माझा स्वभाव नागपुरी, म्हणजे ज्याच्या घरात चहा चांगला त्याच्या घरात पाय पसरून बसायचं. मावशींचा चहा चांगला होता. त्यामुळे पुढची चार वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जे बघितलं, ते आठवलं की अजून हसू येतं.

मावशी मूळच्या साताऱ्याच्या बाजूच्या. वडील शेतकी खात्यात, त्यामुळे नांगरणी-पेरणीची भाषा लहानपणापासून कानावर. साठच्या दशकात मधुकाकांशी लग्न करून त्या थेट मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात येऊन पडल्या. काका पीएच.डी. करत होते आणि घर चालायला हवं म्हणून मावशींनी लायब्ररीत नोकरी धरली. पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, "तू पूर्वेकडची ना?" मावशी म्हणाल्या, "हो." "मग पूर्वेकडची कपाटं तुझी," असं म्हणून बाईंनी त्यांना तळघरातल्या चिनी विभागात नेऊन बसवलं. आता साताऱ्याहून चीन किती लांब, हे त्या बाईला कोण सांगणार! मावशींनीही सांगितलं नाही. नोकरी हवी होती.

तिथे पुस्तकं लावता लावता एका जुन्या शेतीच्या पुस्तकात त्यांना चित्र दिसलं. पुढे बैल, मागे माणूस, आणि मध्ये तीन नळ्यांचं पेरणीचं अवजार.

"अगं, आपली तिफण!" मावशी सांगायच्या. "तळघरात मी एकटीच मोठ्याने ओरडले. माझ्या माहेरच्या शेतातली वस्तू, आणि तिच्याखाली लिहिलेलं एक अक्षर मला कळेना. इतकी चीड आली!"

मावशींना ज्या गोष्टीची चीड येते ती त्या शिकून घेतात, हे मधुकाकांना तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी दुसरी नोकरी बघून दिली असती, असं ते स्वतःच म्हणायचे.

तिफणीचा माग काढत मावशी मागे मागे गेल्या आणि एका फार जुन्या पंडितापाशी पोचल्या. दोन हजार वर्षांपूर्वी याने कोरडवाहू शेतीवर ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ हरवला. पण पुढच्या काळातल्या दुसऱ्या एका पंडिताने आपल्या ग्रंथात त्यातले उतारेच्या उतारे घालून ठेवले होते, तेवढेच काय ते उरले. हे उरलेले उतारे मराठीत आणायचे, असं मावशींनी ठरवलं. मराठीतच का, असं मी एकदा विचारलं. "इंग्रजीत झालेत ते," त्या म्हणाल्या, "आणि साहेबाला कोरडवाहू म्हणजे काय ते काय कळणार? त्याच्याकडे बाराही महिने पाऊस."

उतारे सगळे मिळून चाळीसेक पानं. मावशींना लागली होती तीस वर्षं, आणि काम अजून चालूच होतं. "आमच्याकडे वर्षाला सव्वा पान होतं," काका पाहुण्यांना सांगत. "घाई करायची पद्धत नाही."

उशीर व्हायचं कारण म्हणजे मावशींचा नियम. जे स्वतः करून पाहिलं नाही, ते मराठीत लिहायचं नाही. शब्दाला शब्द कुणीही ठेवेल, त्या म्हणायच्या, पण हात मातीत गेल्याशिवाय बुवांना काय म्हणायचंय ते कसं कळणार? बुवा म्हणजे तो पंडित. मावशी त्याला 'बुवा' म्हणत आणि घरात कायम बुवांचं चाले. बुवा म्हणतात आज पाणी नको, बुवा म्हणतात माती फार भुसभुशीत नको. काका वैतागून म्हणायचे, "माझ्या घरात एक परपुरुष राहतो. वय वर्षं दोन हजार. आणि भाडं मी भरतो."

आता बुवा उत्तर चीनचे आणि मावशी ॲरिझोनाच्या. काही गोष्टी बऱ्या जमायच्या. दोघांकडे पाऊस कमी. बुवांनी सांगितल्याप्रमाणे मावशींनी मेक्सिकन दुकानातून मातीचं मडकं आणून ते गळ्यापर्यंत पुरलं, भोवताली खरबुजं लावली आणि मडक्यात पाणी भरलं. एकशे दहा डिग्री फॅरनहाइटात गल्लीतल्या सगळ्यांची झाडं माना टाकून बसलेली असताना मावशींची खरबुजं टवटवीत. पण काही गोष्टींना बर्फ लागतो, तो चँडलरमध्ये कुठून आणायचा? बुवांनी म्हटलंय की, थंडीत जमिनीत खुंटी ठोकून तिचं डोकं थोडं वर ठेवावं. हिवाळा सरून माती फुगून वर आली आणि खुंटी झाकली गेली, की नांगरणीची वेळ झाली. झालं! मावशींनी पूर्वेकडे, बर्फाच्या मुलखात श्रूजबरीला राहणाऱ्या नणंदेला फोन लावला. काकांची ही बहीण डॉक्टर, कडक शिस्तीची, आणि तिचं पुढचं लॉन म्हणजे गालिचा. तिला डिसेंबरात त्या लॉनमध्ये खुंटी ठोकायला लावली. मग मार्च उजाडल्यापासून रोज सकाळी फोन: "वन्सं, खुंटी बुडली का?" ती बिचारी स्नो-बूट घालून, छत्री धरून बघून यायची आणि सांगायची, "नाही गं वहिनी, अजून दिसतेय." एक दिवस वन्संचा उलट फोन आला, आवाजात केवढा आनंद, "बुडली! बुडली!" हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बोलत होत्या. मावशींनी त्याच दिवशी तेवढ्या चार ओळी मराठीत केल्या. त्यातलं 'माती अंग धरते' हे वाक्य वन्संचं आहे, असं त्या अभिमानाने सांगायच्या.

आणि ते हाडांचं प्रकरण. बुवांचं म्हणणं, पेरण्याआधी हाडं उकळून, त्या पाण्यात मेंढीच्या लेंड्या आणि रेशमाच्या किड्यांची विष्ठा कालवून ते बियाण्याला चोपडावं. त्यात वचनागही घालायचा होता, पण तो जहर. "घरात माणसं आहेत," म्हणून मावशींनी तेवढी सूट घेतली. बाकी काही सोडलं नाही. रेशमाचे किडे अमेरिकेत पाळीव सरड्यांचं खाणं म्हणून विकत मिळतात, ही माहिती मला मावशींमुळे झाली. ते बुटांच्या खोक्यांत भरून त्यांनी गेस्ट बेडरूममध्ये ठेवले आणि गल्लीतल्या जुन्या तुतीची पानं तोडून त्यांना घालू लागल्या. नेमकी त्याच आठवड्यात मंडळाच्या पाडव्यासाठी पुण्याहून एक गायिका आली आणि तिची सोय मावशींच्या गेस्ट बेडरूममध्ये झाली. सकाळी चहाला येऊन ती म्हणाली, "तुमच्याकडे पाऊस पडत नाही म्हणतात, पण काल रात्रभर छान रिपरिप चालू होती." मावशींनी तिला आणखी एक पुरी वाढली. खोकी पलंगाखाली होती आणि ती रिपरिप किड्यांच्या पानं कुरतडण्याची होती, हे त्या गायिकेला अजून माहीत नाही.

हाडं उकळायच्या दिवशी मी हजर होते. काकांनी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. मावशींनी त्यासाठी वेगळा कुकर आणला होता आणि त्यावर मार्करने 'बुवा' लिहून ठेवलं होतं, पण वासाला कोण लेबल लावणार? पहिली शिट्टी झाली आणि काका शब्दकोडं घेऊन घराबाहेर पडले. गॅरेजसमोर गाडीत एसी लावून बसले.

मी खिडकीतून विचारलं, "काका, चहा आणू?"

"उत्पत्ती कुठली?" काकांनी विचारलं. "त्याच स्वयंपाकघरातला?"

"हो."

"मग नको."

पण सांगते, त्या बियाण्याचे राळे असे काही उगवले की बघत राहावं. पुढे वर्षभर मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मावशींचा राळ्याचा भात. लोक मावशींची गाडी दिसली की ताटं लवकर भरून घ्यायचे. मावशींना हे कळायचं, आणि त्या मुद्दाम वाढायला स्वतः उभ्या राहायच्या. "घे, घे. दोन हजार वर्षं टिकलेली गोष्ट आहे, तुझ्या पोटात एक तास टिकेल," असं म्हणून वर आणखी एक डाव. मला कधी कधी त्यांचा इतका राग यायचा, आणि दोन दिवस भेटल्या नाहीत तर करमायचं नाही.

असं करत करत सगळे उतारे झाले. राहिला एक, दुधीचा.

हा दुधी आपलाच, बाजारात मिळतो तोच. पण बुवांना तो भाजीला नको होता. वेलावर पूर्ण पिकवून, साल लाकडासारखी टणक झाली की त्याच्या पळ्या करायच्या, त्यात धान्य साठवायचं. आणि असा मोठा दुधी मिळवायची युक्ती अशी: एका खड्ड्यात दहा बिया लावायच्या. वेल हातभर वाढले की दहाही वेल बुडाशी एकत्र आणून कापडाने घट्ट बांधायचे, वरून माती लिंपायची. थोड्या दिवसांत ते एकमेकांना चिकटून एकजीव होतात. मग सगळ्यांत जोमदार एक शेंडा ठेवून बाकीचे नऊ खुडायचे. दहा मुळांचं बळ एका वेलाला, आणि तिथे धरलेल्या निवडक फळाला.

ऐकायला सोपं. मावशींचं चार वर्षं बिनसत होतं. एकदा बांधलेल्या जागी वेल कुजले. एकदा उन्हाने लिंपण तडकून वेल मोडले. एकदा तर वेल जुळतायत असं वाटेपर्यंत बागकाम करणाऱ्या माणसाने ते ट्रिमरने साफ केले, आणि वर "मॅडम, तण फार झालं होतं," म्हणून सांगितलं. दरवर्षी मावशी आधी सगळ्यांना सांगायच्या आणि दरवर्षी काका मंडळात बातमी द्यायचे, "यंदाही दहाच्या दहा वेलांनी राजीनामा दिला." सगळे हसायचे. मावशीही हसायच्या. पण घरी आल्यावर त्या दिवशी बागेत जायच्या नाहीत, हे मी बघितलं होतं.

दोन हजार सातच्या जानेवारीत त्यांचा मुलगा नितीन फ्रीमाँटहून आला. मावशींचे गुडघे पार गेले होते. काकांनाही फ्रीवेवर गाडी चालवायचा आत्मविश्वास राहिला नव्हता. नितीन चांगला मुलगा. त्याने आपल्या टाउनहाउसच्या कॉम्प्लेक्समध्येच दोघांसाठी खालच्या मजल्यावर जागा बघितली होती. चँडलरचं घर विकायचं, ऑगस्टमध्ये ताबा द्यायचा, असं सगळं ठरवूनच आला होता.

"तिकडे माती आहे का?" मावशींनी विचारलं.

"आई, पॅटिओ आहे ना. कुंड्या ठेव की."

"दहा वेल कुंडीत जुळत नाहीत रे."

"मग तो पार्ट तसाच ट्रान्सलेट कर. कोण चेक करणार आहे, यार?"

मावशी उठून ओट्यापाशी गेल्या आणि चहा झालेला असताना पुन्हा चहा टाकला. मला त्या क्षणी नितीनचा गळा धरावासा वाटला, पण तो तरी काय चुकीचं बोलत होता? कुणीच चेक करणार नव्हतं.

म्हणजे उन्हाळा एकच उरला होता. या उन्हाळ्यात दुधी पिकला तर तीस वर्षांचं काम पुरं होणार, नाहीतर बुवांचा तेवढा तुकडा कायमचा चिनीतच राहणार. या खेपेला मावशींनी कुणाला काही सांगितलं नाही. काकांनाही नाही. "वेल जुळवायचा खेळ आहे नेहमीचा," एवढंच म्हणाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं, ते त्यांनी पुढे ढकललं. डॉक्टरला कारण काय सांगितलं देव जाणे. स्टुलावर बसून, स्टूल सरकवत सरकवत त्यांनी दहा बिया लावल्या. जुन्या वायलच्या साडीची पट्टी काढून वेल बांधले, माती लिंपली, वर ओल्या गोणपाटाची सावली केली.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला फोन करून बोलावलं. काकाही तिथेच उभे होते. मावशींनी पट्टी सोडली. दहा वेलांचं एकच जाड बूड झालं होतं, माझ्या मनगटाएवढं. मी हळूच ओढून बघितलं तर सुटेना.

"जुळले की गं!" काका ओरडले. चक्क टाळ्या वाजवल्या त्यांनी. "शकू, झालं की तुझं! सुटलीस!"

मावशी नुसत्या हसल्या. सगळ्यांना वाटलं, झालं. आणि इथेच सगळा घोटाळा आहे. काकांच्या हिशेबाने प्रयोग संपला. मावशींच्या हिशेबाने तो आता कुठे सुरू झाला होता.

मे महिन्यात फळं धरली. बुवांच्या सांगण्यावरून सुरुवातीची तोडून टाकली आणि एक ठेवलं. ते असं वाढायला लागलं की मावशींनी त्याला साडीची झोळी करून भिंतीच्या खिळ्याला टांगलं. मग त्या जूनमध्ये एकदाच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या.

मी भेटायला गेले तर गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. "पाणी घालतायत ना हे?"

"रोज घालतात, मावशी. मी स्वतः बघितलंय."

"सुमे, अजून महिनाभर. साल घट्ट झाली, नख लागेनासं झालं, की बुवांचं शेवटचं वाक्य लिहिते आणि मोकळी होते. मग मला फ्रीमाँटला न्या, नाहीतर कुठेही न्या." हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "ह्यांना सांगितलं नाहीये मी. एकदा पिकू दे, मग सांगेन. नाहीतर पुन्हा दवंडी पिटतील आणि पुन्हा काहीतरी होईल."

काका रोज हॉस्पिटलमध्ये येऊन बसत होते, आणि अलीकडे जरा गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, बायको घरी येणार म्हणून खूश असतील.

मावशी फ्रीमाँटला गेल्यावर आमचे फोन पुष्कळ झाले. पण मावशी म्हटलं की मला त्या आठवतात त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या त्या दुपारच्या. मीच आणलं त्यांना, माझ्या व्हॅनमधून. काका आधी घरी जाऊन थांबले होते. दार उघडल्याबरोबर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास आला. काका मावशींच्या वॉकरपुढे उलटं चालत होते, "सावकाश, सावकाश" करत. टेबलावर पातेलं, वाटी, चमचा सगळं आधीच मांडलेलं. आणि काकांच्या बोटांना बँडएड.

"बस, शकू. आता डोळे मिट."

"वॉकर धरून डोळे मिटतात का कुणी? पडेन ना."

काकांनी वाटी पुढे केली. दुधीहलवा होता. वर चारोळी, बेदाणे, सगळा थाट. ज्या माणसाने जन्मात चहासुद्धा मायक्रोवेव्हमध्येच केला, त्याने दुधीहलवा केला होता.

"तुझ्या वेलाचाच!" काका म्हणाले. "स्वतः किसला. दोन दिवस किसत होतो. सुनबाईंना फोन करकरून रेसिपी घेतली. अगं, नशीब म्हणायचं! परवा सहज नख लावून बघितलं, तर जेमतेम गेलं. म्हटलं, तू येईपर्यंत थांबलो तर जून होऊन वाया जायचा."

मी काचेच्या दारातून मागे बघितलं. भिंतीवर वेल तसाच पसरलेला होता आणि साडीची झोळी रिकामी लोंबत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता यात काकांचं तरी काय चुकलं? दुकानात दुधी दिसला की नख लावून बघतो, कोवळा तेवढा घेतो आणि वेलावर जून होऊ देणं म्हणजे पाप समजतो, अशीच आपली सगळी माणसं. पण मला तेव्हा हे सुचलं नाही. "काका, अहो तुम्ही..." असं मी म्हणायला गेले, आणि मावशींनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मावशींनी चमचा तोंडात घातला. सावकाश खाल्ला. "साखर बेताची घातलीत ते बरं केलंत," म्हणाल्या. "छान झालाय." आणि खरंच, सगळी वाटी संपवली. काकांनी मलाही वाढला. मी खाल्ला, आणि मला रडू येत होतं. या बाईचं तीस वर्षांचं शेवटचं वाक्य आम्ही चमच्याने खात होतो.

"बिया कशा होत्या हो?" मावशींनी विचारलं.

"मऊ. पांढऱ्या. काही त्रास नाही झाला काढायला."

"ठेवल्यात?"

"छे, सिंकखालच्या डिस्पोजलमध्ये दळून टाकल्या."

मावशींनी बाहेर रिकाम्या झोळीकडे बघितलं. काका पातेल्यावर झाकण ठेवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मग मावशी म्हणाल्या, "अहो, केवढा होता तो? हातांनी दाखवा बरं."

काकांना काय, सांगायचंच होतं. त्यांनी हात पसरले. "हा एवढा. नाही, थांब. एवढा! सिंकमध्ये मावेना गं. तिरका धरून धुतला."

"तसेच थांबा. सुमे, शिवणाच्या डब्यातली टेप आण."

मी टेप आणली. मावशी वॉकर धरून उठल्या, काकांपाशी गेल्या आणि त्यांच्या एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत टेप धरली. आकडा वाचून पुन्हा एकदा नीट धरली. "पायलीभर राळे सहज मावले असते," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "वेल जुळले, फळ धरलं, एवढं झालं. पिकलं असतं की नाही ते मला माहीत नाही, तसं खाली लिहीन. पण लिहीन."

काकांचं हसू हळूहळू उतरलं. "शकू," ते म्हणाले, "हा ठेवायचा होता का गं?"

"होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हलवा कोण खाऊ घालणार होतं? अहो, हात खाली घेऊ नका. घेर मोजायचा राहिलाय."

काकांनी हात जवळ आणून, बोटं वाकवून, दुधीएवढा गोल केला. मावशी त्या गोलाच्या आतून टेप फिरवू लागल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.